स्टँडबाय काकांचं एक नंबर पोस्टिंग

स्टँडबाय काका खुर्चीत कधी नीट बसले नाहीत. बसायचे ते अगदी कडेला, पायांत बूट, नाड्या घट्ट आवळलेल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर. कोणी म्हणालं, "काका, आरामात बसा की," तर म्हणायचे, "आरामातच आहे," आणि तेवढ्यात उठून खिडकीशी एक चक्कर मारून यायचे. तटरक्षक दलात त्यांची सगळी नोकरी हेलिकॉप्टर उडवण्यात गेली होती. सायरन वाजला की हातातला घास टाकून धावायचं, ही तिथली रीत. निवृत्त होऊन ते इंदूरला, राजेंद्र नगरातल्या आपल्या घरी आले. सायरन मागे राहिला, काका मात्र तयारच राहिले. स्टँडबाय हे नाव मीच ठेवलं. काकूंना ते इतकं पटलं की त्याही चारचौघांत तेच वापरू लागल्या.

आमचं घर त्यांच्यापासून तिसरं. मी पलासियातल्या बँकेत नोकरीला, आणि घरी परतताना वाटेत काकांच्या फाटकाशी अडकायचं हे ठरलेलंच. खरं तर या माणसाच्या घराण्यात तीन पिढ्या टेबलाशी बसून नोकऱ्या झालेल्या. पणजोबा संस्थानच्या दफ्तरात, आजोबाही तिथेच, वडील शिक्षक. काकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीच्या मुलाखतीला गेले तेव्हा, आणि मग तो काही त्यांच्या डोक्यातून उतरला नाही.

फाटकाशी विषय एकच. कोणतं पोस्टिंग एक नंबर? काकांच्या पोरबंदर, दमण, कोची, चेन्नई, पोर्ट ब्लेअर अशा बदल्या झालेल्या, काही ठिकाणी दोनदा-तीनदा. सोमवारी पोरबंदर पहिलं असायचं. "वारा असा आडवा मारायचा बेटा, की उतरताना शर्ट ओला. तिथे जो उतरला तो कुठेही उतरेल!" मंगळवारी पोर्ट ब्लेअर. तिथल्या लांबच्या बेटांवरून अडलेल्या बायकांना दवाखान्यात आणायचं काम असायचं, आणि एकदा बाळ वरच, हवेतच झालं. "जाताना आम्ही चौघं, येताना सहा!" हे सांगताना काका दरवेळी हसायचे आणि दरवेळी डोळे पुसायचे. बुधवारी दमण, कारण दमणच्या समुद्रातून त्यांनी बुडत्या नावेवरच्या एका म्हाताऱ्या तांडेलाला दोरीने वर घेतलं होतं आणि तो पठ्ठ्या एका हाताने दोरी, दुसऱ्या हाताने आपला रेडिओ धरून वर आला होता. मी एकदा चिडून म्हटलं, "काका, काल तर तुम्ही पोर्ट ब्लेअर म्हणालात!" तर म्हणाले, "काल कालचं होतं."

इंदूरचं मात्र या यादीत नाव नव्हतं. इथल्या हवेवर त्यांचा जुना राग. "वारा आहे, पण त्याला वासच नाही," म्हणायचे. मोबाइलवर विमानांचा नकाशा उघडून बसायचे आणि मुंबईहून निघालेलं विमान इंदूरला किती उशिरा पोचणार ते विमान कंपनीच्या आधी सांगायचे. एकदा कोणा पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर आमच्या कॉलनीवरून खाली खाली गेलं. काका दाढीचा अर्धा साबण तसाच ठेवून रस्त्यावर. भाजीवाल्याने विचारलं, "भिया, कौन आ रिया है?" काका वर बघतच म्हणाले, "कौन आ रहा है वो तो पता नहीं, पण पायलटला घाई आहे."

तर या काकांना परत समुद्राकाठी जायचं होतं. निवृत्तीला सहा महिने झाले नसतील, तोच त्यांनी काकूंपाशी हट्ट धरला. काकू म्हणजे सुधाकाकू, ग्वाल्हेरकडच्या. नवऱ्यामागे अकरा वेळा घर मोडून अकरा वेळा मांडलेली बाई. त्यांनी नाही म्हटलं नाही. माझ्यासमोर शांतपणे म्हणाल्या, "बिल्कुल जाऊ. पण मला एक गाव पक्कं सांगा. एकच. मतलब आता हे शेवटचं बांधणं, गुडघे नाही राहिले माझे." सिमरोलच्या मोठ्या इंजिनिअरिंग संस्थेत नव्याने लागलेलं एक जोडपं घर भाड्याने घ्यायला तयारच होतं. दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाले. म्हणजे काकांना दिवाळीपर्यंत एक नाव ठरवायचं होतं. एवढंच.

आणि या माणसाला, ज्याने खवळलेल्या समुद्रावर क्षणात निर्णय घेतले, ते जमेना! श्रावण गेला, गणपती गेले. यादी रोज वरची खाली, खालची वर. कोची ठरलं म्हणून कळलं, तर दुसऱ्या दिवशी चेन्नईच्या एका मेकॅनिकच्या घरची इडली आठवली आणि कोची घसरलं. माझ्या मनातही तेव्हा बढतीची उलघाल चालू होती. बढती घेतली तर बदली, आणि बदलीचं गाव मला रोज जास्तच गोड वाटायला लागलेलं. ते काकांना सांगितलं, तर म्हणाले, "फसू नकोस बेटा. ऑर्डर हातात आली की असलेलं गाव सुंदर दिसायला लागतं, आणि गाव सोडलं की तर विचारूच नकोस." हे ज्याला कळतं, त्याला स्वतःचं का कळू नये, असं मला वाटून गेलं.

दिवाळीच्या आठ दिवस आधी आम्ही तिघं राजवाड्याकडे कापड बाजारात गेलो. ती गर्दी ज्याने पाहिली त्यालाच ठाऊक. बांगड्यांच्या दुकानापाशी काकू होत्या, मी पैसे देऊन वळले तर नव्हत्या. मोबाइल त्यांचा घरी चार्जरला. मी घाबरून हाका मारू लागले. काकांनी माझा हात धरला. "ओरडू नकोस. शेवटची दिसली ती जागा ही. इथून चौकोन."

समुद्रात हरवलेल्याला कसं शोधतात ते मला त्या दिवशी कळलं. शेवटच्या ठिकाणापासून सरळ जायचं, काटकोनात वळायचं, पुन्हा वळायचं, आणि दरवेळी चौकोन मोठा करत न्यायचा. म्हणजे मधला तुकडा सुटत नाही. समुद्रावर ठीक आहे हो, तिथे साड्यांची दुकानं नसतात! काका पावलं मोजायचे, वळायचे, आणि वाटेत दुकान आलं तर दुकानातून जायचे. गाद्यांवर साड्या बघत बसलेल्या बायकांमधून हा ताठ माणूस बूट हातात घेऊन "सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस" करत निघालेला. दुकानदार ओरडला, "अंकलजी, उधर रास्ता नी है, गोडाउन है!" काकांनी गोडाउनही बघितलं. मला हसू येत होतं आणि रडूही. दोन तास. सातव्या चौकोनाला त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, मोजणं मात्र थांबलं नव्हतं.

मग माझा फोन वाजला. काकू घरून बोलत होत्या. "अगं, तुम्ही दोघं दिसलाच नाहीत, तर मी ई-रिक्शा करून सीधी घरी आले. केव्हाची वाट बघून राहिले. पोहे करू का?"

काका तिथेच एका दुकानाच्या पायरीवर बसले. अगदी मागे टेकून बसले. त्यांना तसं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. म्हणाले, "पाण्यातला माणूस वाहत जातो. घरी जात नाही. मी ते हिशेबात धरलंच नव्हतं."

घरी पोचल्यावर त्यांनी बूटही काढले नाहीत, थेट स्वयंपाकघरात गेले. मी मागे. "सुधा, तुझं एक नंबर पोस्टिंग कोणतं गं?" इतक्या वर्षांत हा प्रश्न काकांनी काकूंना विचारलाच नव्हता, हे मला तेव्हा कळलं, आणि मनापासून राग आला त्यांचा.

काकू कढईत चमचा हलवत होत्या. "हेच," त्या म्हणाल्या.

"हे कुठे पोस्टिंग आहे?"

"माझं आहे. अहो, त्या सगळ्या गावांत मी काय पाहिलं? आकाश. वर तुमचा पंखा वाजला की कुकर चढवायचा, नाही वाजला की अंगणात उभं राहायचं. पोरबंदरला एकदा चार तास उभी होते. इथे तुम्ही घराबाहेर जाता तर कोथिंबीर आणायला जाता. मला वर बघावं नाही लागत."

काकांनी पोहे खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सिमरोलच्या जोडप्याला फोन करून घर मिळणार नाही म्हणून सांगितलं, आणि माफीही मागितली. फाटकाशी मला म्हणाले, "सीनियरने सांगितलं, डिबेट खतम."

डिबेट खतम झाली, पण चैन काही पडली नाही त्यांना. हे खोटं कशाला सांगू? पुढची तीन वर्षंही ते खुर्चीच्या कडेलाच बसले, विमानांचा नकाशा बघत राहिले, आणि काकू देवळात गेल्या की फाटकाशी मला हळूच कोची ऐकवत राहिले. एक नवीन सुरू झालं. घराबाहेर पडताना मोठ्याने सांगायचे, "कोथिंबीर, वीस मिनिटं!" आणि विसाव्या मिनिटाच्या आत दारातूनच ओरडायचे, "आलो गं!" कॉलनीतली पोरं त्यांची नक्कल करायची. काकू आतून "हो" म्हणायच्या.

मागच्या कार्तिकात काका गेले. दुपारी, जेवून हात धुताना.

तिसऱ्या दिवशी काकूंनी मला बोलावून घेतलं. डोळे कोरडे होते. "तुला तर सगळं पाठ असेल गं. त्यांना समुद्रात सोडायला पाहिजे न? मी येईन कुठेही. कोणतं होतं एक नंबर?" मी तोंड उघडलं. पोरबंदर म्हणायला गेले, तर ती बेटं आठवली, मग दमण, मग तो रेडिओवाला म्हातारा. हजार वेळा ऐकलेली यादी, आणि मला एक नाव सांगता येईना. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. काकूच मला थोपटत राहिल्या.

शेवटी आम्ही आपले इंदूरचे सगळे जातात तसे ओंकारेश्वरला गेलो. नावाड्याने होडी नदीच्या मधल्या धारेत नेली. काकूंनी कलश स्वतःच्या हाताने रिकामा केला, आणि पाणी खाली जात होतं तिकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"समुद्रापर्यंत ही नदी नेऊन सोडेल," त्या म्हणाल्या. "तिथून उजवीकडे पोरबंदर, डावीकडे दमण. आता त्यांचं त्यांनी ठरवावं. मी नाही सांगणार."