चुलीच्या मातीचे बाण

येरमाळ्याच्या जत्रेत आभाळात सोडायचे शोभेच्या दारूचे बाण मी दर साली तेरखेड्याच्या एकाच माणसाकडून आणायचो आणि दर साली डोकं धरून बसायचो. निजामाच्या अमलदाराकडं परवान्यासाठी खेपा घालून मी आधीच वैतागलेला असायचो. त्यात गाडी जुंपून उभी असली, तरी हा दारू भरण्याआधी प्रत्येक नळी ओठाला लावून फुंकणार, कान देणार आणि म्हणणार, "थांबा जरा."

नळीच्या बुडाला मातीची गुडदी, म्हणजे घट्ट ठोकलेलं बूच, आणि तिला बारीक भोक असायचं. त्यातनं जाळ सुटला की बाण वर जायचा. "जाळ भोकाची कड खातो," तो म्हणायचा. "भोक रुंदावलं की जोर गेला, बाण वाकडा." जत्रेत लोक आभाळाकडं बघायचे, तेव्हा हा कुसळांत जळक्या नळ्या धुंडाळून भोकांत काडी घालून बघायचा.

एकदा त्याला घरी जेवायला बोलावलं, तर ताट सोडून आमच्या चुलीकडंच बघत बसला.

"मावशी, ही चूल किती सालांची?"

"माझ्या सासूच्या हातची हाय," आई म्हणाली.

हा उठला आणि चुलीचा कोपराच फोडून उपरण्यात बांधला. "एवढी भाजलेली माती लई दिवसांनी गावली! कुटून गुडदीत घालतो, मग कड टिकती का न्हाय बघा."

आईनं त्याला वेशीपर्यंत शिव्या घातल्या.

त्या साली एकही बाण वाकडा गेला नाही. आई शेजारणीला कोपरानं ढोसत म्हणाली, "बघ, माझ्या सासूची चूल चालली वर!"

आणि हा? हा खाली मान घालून नळ्या शोधत होता.