कागदाची मागची बाजू

एका कागदाचा फोटो काढून मी एका माणसाचं नाव खराब केलं. फोटोही कागदाच्या एकाच बाजूचा. आणि माणूस असा, की ज्याने कुठलाही कागद उलटवून बघितल्याशिवाय कधी खाली ठेवला नाही.

शर्टाच्या खिशात कायम भिंग, म्हणून आम्ही त्यांना भिंगकाका म्हणायचो. इथे परदेशात, जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यातून निवृत्त होऊन ते आणि काकू टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये राहत. हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलवरची चहाची पावती असो की माझ्या मेहुणीची लग्नपत्रिका, काका आधी मागची बाजू बघत.

"काका, मागे काय शोधताय?"

"छापखान्याचं नाव. छापखाना खरा असेल तर लग्नही खरं असेल."

"आणि नसेल तर?"

"तर आहेर बेताचा करायचा."

त्यांचा छंद होता दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकांची सेवापुस्तकं आणि पदकांची प्रमाणपत्रं जमवण्याचा. शिक्के, सह्या, तारखा एकमेकांशी ताडून ते त्या सैनिकाच्या नोकरीचा इतिहास उभा करत. कधी त्याच्या घरचे लोक शोधून काढत, तर कधी घरचेच त्यांना कागद पाठवत. हे वेड कुठून आलं, असं मी एकदा विचारलं.

"आमचे वडील जिल्हा परिषदेत कारकून. लोकांची सेवापुस्तकं भरायचे. बढती, रजा, ठपका, सगळं त्यात. पण म्हणायचे, एका पानावरून कोणाला ओळखू नकोस."

पदकांचं त्यांना कौतुक नव्हतं. "पदक कशाबद्दल मिळालं ते पदकावर नसतं. त्या दिवशी याची पलटण कुठे होती ते शोधायचं. कधी कधी तिथे लढाई नसतेच, नुसतं जाळलेलं गाव असतं." अशा एका सैनिकाच्या नातवाला त्यांनी जे सापडलं ते जसंच्या तसं कळवलं. त्याने पुन्हा पत्र लिहिलं नाही. "कळवायलाच हवं होतं," एवढंच काका म्हणाले आणि भिंग पुसत बसले.

हे सगळं मी ऐकलं होतं. तरी मनात किडा होताच. इतके तास हे कागद चिवडणाऱ्या माणसाला आतून त्या लोकांबद्दल काहीच वाटत नसेल? दर रविवारी आमच्या कॉन्डो सोसायटीच्या हॉलमध्ये काका मुलांना मराठी शिकवत. वर्गाची व्यवस्था माझ्याकडे होती. एका रविवारी हजेरीचा कागद घ्यायला मी त्यांच्या पिशवीत हात घातला, तर अंकलिप्यांच्या मध्ये एक शौर्यपदकाचं प्रमाणपत्र. वर गरुड, त्याच्या पायांत ते तिरपं स्वस्तिक.

मी फोटो काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आपल्या मुलांना कोण शिकवतंय, जरा विचार करा."

"बाप रे! हे वर्गात?"

"माझा इथला वर्क पास रिन्यूअलला आहे. नको ही भानगड."

एकीने लिहिलं, "अहो, आधी काकांना विचारा ना कोणीतरी." तिला कोणी उत्तर दिलं नाही. मीही नाही.

पुढच्या रविवारी तीन मुलं आली. त्याच्या पुढच्या रविवारी एकही नाही. काका तासभर थांबले, काहीच न लिहिलेला फळा पुसला आणि घरी गेले.

दोन महिन्यांनी वर्गाची पुस्तकं आणायला मी टॅम्पिनीसला गेलो. काकू चहा टाकत होत्या. जेवणाच्या टेबलावर तोच कागद होता. मी उलटवला. मागे काकांच्या अक्षरात, पेन्सिलीने, मराठीत लिहिलं होतं: "शाई युद्धानंतरची. पदक खोटं. मुलीला काय लिहावं?"

काका बाहेर आले. "वाचलंत?"

"हो."

"या सैनिकाच्या मुलीने पाठवलाय. ऐंशीच्या पुढच्या आहेत बाई. वडील शूर होते, एवढंच त्यांना माहीत. सांगा, काय लिहू?"

पुस्तकं उचलली आणि चहा न घेता निघालो. त्यानंतर दोन वर्षं मी त्यांना टाळत राहिलो.

मागच्या महिन्यात कळलं, काका-काकू कायमचे नाशिकला चाललेत. त्या दिवशी मी तो जुना फोटो आणि कागदाच्या मागे काय लिहिलं होतं ते ग्रुपवर टाकलं, चूक माझी होती असंही लिहिलं. मग एक पत्र घेऊन त्यांच्या घरी गेलो. सामान बांधून झालं होतं, भिंग मात्र खिशातच होतं. पत्रात मी लिहिलं होतं की मुलांची काळजी वाटली, पासची भीती वाटली, घाई झाली.

काकांनी ते सावकाश वाचलं. मग उलटवलं. ते उलटवणार हे मला माहीत होतं, म्हणूनच खरं ते मी मागे लिहिलं होतं:

"फोटो काढताना मागचं पेन्सिलीचं अक्षर मला कागदातून पुसट दिसत होतं. उलटवला असता, तर फोटो टाकता आला नसता. म्हणून उलटवला नाही. काका, मला माफ करा."