मशीनच्या खोलीबाहेरचं बाकडं

परळच्या एका दवाखान्यात आम्ही तिघी जणी आपापल्या मुलांना घेऊन रोज एकाच बाकड्यावर बसतो. नंबर येईपर्यंत करायचं काय? एकीने घरचं सांगितलं की दुसरीला आपलं आठवतं. असे किस्से एवढे साठलेत की नर्स म्हणते, "तुमचं हसणं आत ऐकू येतं." हसतो खरं. मग एकेक जण दाराकडे बघायला लागते.

आमची मुलं ऑटिझमची. आत चुंबकाचं मशीन आहे, ते डोक्याला टेकवतात, टकटक वाजतं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ही जोडीची ट्रीटमेंट आहे. कुणाला फरक पडतो, कुणाला नाही. स्पीच थेरपी सोडायची नाही." माझी स्वरा पाच वर्षांची झाली, अजून आई म्हणत नाही. मी तेवढ्यासाठी येते.

*

मशीनजवळ धातू चालत नाही. कानातलं, पिना, सगळं बाहेर काढायचं. माहीमच्या दीपाची सासू मालवणची. नातवाच्या चड्डीच्या नेफ्यात तिने तांब्याचा ताईत शिवून ठेवलेला. मशीनवाल्या मॅडमच्या हाताला लागला, त्यांनी काढायला लावला.

आजी ऐकेना, देवाला तो हवाच. "तुमच्या मशिनीक नको, पण माझ्या देवाक होयो मां."

शेवटी आजी ताईत मुठीत धरून दाराबाहेर उभी राहिली. आतला आवाज थांबेपर्यंत बसली नाही.

*

लालबागच्या श्रद्धाचा नवरा एकदाच आला. सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टरांना विचारलं, "पोरगा बोलायला लागला आणि थांबलाच नाही तर?"

श्रद्धा म्हणाली, "तेव्हा तुम्ही कामावर जा. मी ऐकेन."

*

श्रद्धाच्याच घरचा दुसरा किस्सा. मशीन झालं म्हणजे डोक्याला आराम पाहिजे, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं. ऑपरेशननंतर करतात तसं. टीव्ही बंद, मिक्सर बंद, बोलायचं ते खुणेने. शेजारचे पण हळू चालायला लागले.

डॉक्टरांना कळलं तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. "अहो, त्याच्याशी बोला. दिवसभर बोला."

श्रद्धा बाहेर येऊन आम्हाला म्हणाली, "आता परत बोलायचं. पण खरं सांगू? त्या दिवसांत तो एवढा खूश होता ना. घरात पहिल्यांदाच सगळे त्याच्यासारखे वागत होते."

*

आमच्या चिंचपोकळीच्या चाळीत सासूबाईंनी सांगून ठेवलंय, पोरीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतात. चाळीत एकदा नाव पडलं की सुटत नाही.

परवा समोरच्या काकूंनी स्वराची हनुवटी धरली. तिने मान फिरवली. काकू म्हणाल्या, "अगं, ही माझ्याकडे बघतच नाही. नंबर मोठा निघणार बघ."

सासूबाई म्हणाल्या, "हो, मोठाच आहे." आणि आत जाऊन कांदा चिरायला बसल्या.

*

मशीन संपलं की स्वराला मांडीवर घेऊन मी तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. दीपा चिडवायची, "कुकरची शिटी आहे का ती, आता होईल, मग होईल?" मला कळायचं. पण नजर हलायची नाही. बसमध्ये तेच, जेवताना तेच. तिच्याबरोबर खेळायचं राहून गेलं माझं.

मागच्या रविवारी दुपारी मी भिंतीला टेकून बसले होते. स्वरा मोरीतला प्लॅस्टिकचा मग घेऊन आली. माझ्या डोक्याला टेकवला, एका बाजूला, नीट दाबून. मी हलले तर दुसऱ्या हाताने माझं कपाळ धरलं.

मग जिभेने टाळूवर आवाज काढायला लागली. टक टक टक. थांबली. परत टक टक टक.

नंतर तो मग खाली ठेवला. माझ्या मांडीला गुडघे लावून समोर बसली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.