गमरे काकांचं सहा पॉइंट शहाण्णव

गमरे काका गेल्याची बातमी आली तेव्हा मी बारावीच्या वर्गाला शिकवताना फळ्याकडे तोंड करून उभी होते आणि पर्समध्ये फोन थरथरत होता. तास संपल्यावर पाहिलं तर काकूंचे चार मिस्ड कॉल. "बाय, हे गेले गं... सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसले, नि तसेच," एवढंच त्या बोलल्या. त्याला आता महिना होऊन गेला. मी रडले, खोटं कशाला सांगू. पण त्यांची आठवण आली की रडण्याआधी मला चेव येतो. समोर जो असेल त्याला हाताला धरून बसवावं आणि एका गणिताची गोष्ट सांगावी असं होतं. घरच्यांनी ती इतक्यांदा ऐकली आहे की मी "हायड्रोक्लोरिक" म्हटलं की मुलगा उठून जातो. म्हणून आज तुम्ही सापडलात.

एकोणीसशे नव्वदच्या आसपासची गोष्ट. बाबांनी मुंबईतली भाड्याची खोली सोडून भाईंदर पश्चिमेला वन रूम किचन घेतलं होतं. चार मजल्यांची नवी इमारत, लिफ्टसाठी ठेवलेला नुसता खड्डा, आणि नळाला पाणी जवळजवळ नाहीच. तळमजल्यावर गमरे काका आणि काकू राहायचे, मूळचे रत्नागिरीकडचे. मुंबईतल्या ज्या कॉलेजात मी सायन्सला होते, तिथल्याच केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काका परिचर होते. खाकी शर्ट, खिशाला अ‍ॅसिडनं पडलेली दोन भोकं, आणि हाताची बोटं कायम थोडी पिवळट. बाटल्या धुणं, सोल्यूशनं भरून ठेवणं, ब्यूरेटच्या उभ्या नळ्या लावणं हे त्यांचं काम. पण टायट्रेशन करताना तो थेंब, ज्यानं रंग बदलतो आणि जो एकच हवा असतो, तो त्यांच्या हातात होता. आम्ही मुली भसकन नळ सोडून फ्लास्क गडद गुलाबी करून बसायचो. काका मागून यायचे, म्हणायचे, "बाय, घाई कोणाला हाय? थेंबाला येऊ दे की." आणि त्यांनी केलेला गुलाबी इतका फिका असायचा की तो आहे की नाही याची पैज लागावी.

या माणसाला प्रयोगशाळा सहाय्यक व्हायचं होतं. संस्था त्यासाठी आतल्या आत एक परीक्षा घ्यायची, एक लेखी पेपर आणि एक प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकात काकांना पैकीच्या पैकी मिळत आणि लेखीत ते दोनदा आपटले होते, कारण त्यात पीएचची गणितं असत आणि काकांचं शिक्षण दहावीला थांबलेलं. पंचेचाळीसनंतर परीक्षेला बसता येत नसे. काका चव्वेचाळीस वर्षांचे होते. म्हणजे ही शेवटची खेप. एक दिवस ते जिन्यात माझी वाट बघत उभे राहिले, हातात कव्हर घातलेली कोरी वही, आणि मला म्हणाले, "मला लॉग शिकवशील काय?" मी सतरा वर्षांची, भयंकर शिष्ट. शिकवायला मिळतंय म्हटल्यावर मला दोन शिंगं फुटली.

लॉग टेबलशी ते आठ दिवस झटले. पीएच एकानं उतरला की आम्ल दहापट, दोनानं उतरला की शंभरपट, हे कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "एवढासा आकडा नि एवढा दम!" पुढे तर ते मला गाठून गणितं मागायला लागले. आमची शिकवणी कुठेही चालायची, पण मुख्य जागा म्हणजे टँकरची रांग. एक दिवसाआड टँकर यायचा, त्याआधी तासभर हंडे-बादल्या मांडून सगळी इमारत खाली उभी असायची. मी पालथ्या बादलीवर बसायची आणि काका शेजारच्या पायरीवर वही मांडीवर घेऊन.

त्या रांगेत मी त्यांना सोपं म्हणून एक गणित घातलं. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, तीव्रता दहाचा उणे आठवा घात मोलर, पीएच किती? माझी पद्धत ठरलेली होती, घाताचा आकडा उचलायचा आणि उणे चिन्ह पुसायचं. काकांनी आठ लिहिलं. मग पेन्सिल कानावर ठेवली.

"बाय, सात म्हंजे काय म्हणालीस?"

"न्यूट्रल. शुद्ध पाणी."

"नि आठ?"

"बेस. अल्कली."

"म्हंजे पाण्यात अ‍ॅसिड टाकलं नि त्याचं साबणाचं पाणी झालं?"

मला राग आला. म्हटलं, "काका, पुस्तकाच्या पद्धतीनं असंच येतं." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "पुस्तकानं लिटमस बुडवून बघितलाय काय कधी? मी चोवीस वर्षं बघतोय. अ‍ॅसिड कितीबी पातळ कर, लिटमस निळा नाय होत." आणि वही बंद. मी फुगून बसले. तेवढ्यात टँकर आला, नेहमीचा गोंधळ सुरू झाला, "अरे भाई, लाइन से, लाइन से" असा आरडाओरडा, आणि पाइप काकांच्या हातात. दोन हंडे भरले, तिसरा अर्धा झाला आणि काका पाइप हातात धरून एकदम माझ्याकडे वळले. पाण्याची धार तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या भाभींच्या साडीवर.

"बाय! पाणी! आपण पाणी मोजलंच नाय!"

अंगावर काटा आला माझ्या. अगदी खरं होतं. शुद्ध पाण्यात स्वतःचे हायड्रोजन आयन असतात, दहाच्या उणे सातव्या घाताइतके. आम्ही टाकलेल्या अ‍ॅसिडच्या दहापट! आणि मी ते विसरून मोकळी. भाभी ओरडत होत्या, मी ओल्या वहीवर बेरीज करत होते. दोन्ही मिळून एक पॉइंट एक गुणिले दहाचा उणे सातवा घात. एक पॉइंट एकचा लॉग बघितला, सातातून वजा केला. सहा पॉइंट शहाण्णव! सातच्या जरासं खाली. अ‍ॅसिड ते अ‍ॅसिडच राहिलं होतं. आम्ही दोघं टँकरपाशी लहान मुलांसारखे नाचलो. "भाईंदरात राहून पाण्यालाच विसरलो गं आपण!" काका हसत हसत डोळे पुसत होते आणि त्या दिवशी आमच्या हंड्यांचा नंबर गेला तो गेलाच.

दोन महिन्यांनी परीक्षा झाली. पेपर विभागप्रमुख प्रधान सरांनी काढला होता, आणि त्यात नेमकं हेच गणित, पाच मार्कांना. काका घरी आले ते जिन्यातूनच ओरडत, "आलं! आपलं आलं!" निकाल लागला आणि काका तीन मार्कांनी नापास. त्यांनी पेपर बघायला मागितला. सहा पॉइंट शहाण्णवखाली लाल शाईनं गोल शून्य आणि बाजूला सरांनी लिहिलेलं बरोबर उत्तर. आठ. सरांनी ते कुठल्याशा गाइडातून घेतलं होतं... त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. रांगेत मी हट्ट करून आठवरच थांबले असते तर काका पास झाले असते. आम्ही बरोबर शिकलो म्हणून ते नापास झाले होते, आणि पुढची परीक्षा त्यांना नव्हती.

काकू म्हणत होत्या, "जाऊ द्या. साहेबाशी वाद घालून आहे ती नोकरी घालवाल." दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर काका प्रधान सरांच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. मी जर्नलवर सही घ्यायच्या निमित्तानं लॅबमध्ये रेंगाळले होते. सर चिडले. "गमरे, मी एकोणीस वर्षं केमिस्ट्री शिकवतोय."

"व्हय सर. अर्धा तास द्या, मी करून दाखवतो."

काकांनी सगळी तयारी आधीच केली होती. डिस्टिल्ड वॉटर उकळून, बूच लावून थंड केलं होतं. "उघडं ठेवलेलं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड पितं, सर. मग ते खोटं बोलतं." त्यांनी दशांश मोलर अ‍ॅसिड घेतलं, दहापट पातळ केलं, त्यातलं घेऊन पुन्हा दहापट, असं सात वेळा. प्रत्येक वेळी पिपेट डोळ्यासमोर, श्वास रोखून. दुसऱ्या फ्लास्कमध्ये चिमूटभर खायचा सोडा. "हा आठच्या आसपासचा, सर. आठ कसा दिसतो ते दिसायला पायजे ना." मग दोन्हींत ब्रोमोथायमॉल ब्लू या दर्शकाचे थेंब. आम्लात तो पिवळा, अल्कलीत निळा आणि मधे हिरवा. सोड्याचं पाणी निळंभोर झालं. आणि काकांचा फ्लास्क... हिरवा! निळेपणाचा लवलेश नाही! मी तोंडावर हात दाबून धरला, नाहीतर किंचाळलेच असते.

प्रधान सरांनी वाकून दोन्ही फ्लास्क पाहिले. मग त्यांनी कागद ओढला, पाण्याचे आयन मांडले, बेरीज केली, आणि पेपरवरचं शून्य खोडून पाच लिहिले. त्याखाली सही. काका पास!

पुढे बी.एस्सी.ला मला कळलं की नेमकं उत्तर सहा पॉइंट अठ्ठ्याण्णव आहे, कारण बाहेरून अ‍ॅसिड आलं की पाणी स्वतःचे आयन थोडे आवरते घेतं. हे सांगायला मी धावत तळमजल्यावर गेले. काका सहाय्यक होऊन तीन वर्षं झाली होती. ऐकून ते आधी खट्टू झाले, मग त्यांचे डोळे चमकले. "म्हंजे पाणी जरा मागं सरलं होय! बस, बस, सगळं मांडून दाखव." काकूंनी वाढलेलं ताट निवून गेलं.

परवा मुद्दाम त्या लॅबमध्ये गेले होते. टेबलं नवी आहेत, ब्यूरेट नवे, माणसं नवी, कुणी मला ओळखलं नाही. कोपऱ्यातलं बेसिन मात्र तेच आहे. त्या दिवशी पेपरवर सही करून झाल्यावर प्रधान सरांनी स्वतः उठून एक स्टूल ओढलं होतं. "बसा, गमरे." चोवीस वर्षांत काका त्या लॅबमध्ये कुठल्याही सरांसमोर बसले नव्हते. ते गडबडले, म्हणाले, "बसतो, सर. आधी एवढे फ्लास्क धुतो, रंग सुकला की डाग ऱ्हातो." आणि हिरवा फ्लास्क घेऊन बेसिनकडे गेले. मग सरांनी निळा फ्लास्क उचलला, शर्टाच्या बाह्या सारल्या आणि काकांच्या शेजारी जाऊन तो धुवायला लागले. मी मागून बघत होते. नळाचा तेवढा आवाज. काकांनी आपला फ्लास्क उजेडात धरून पाहिला, मग सरांच्या हातातल्याकडे मान वाकडी करून बघितलं.

"सर," ते म्हणाले, "तुमचा नीट नाय निघाला. द्या इकडं."