कोचची सोयरीक आणि माझी मिशी

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही मास्तरांच्या मेहेरबानीनं. पण सोयरिकी जमवण्यात आमच्या भागात माझा हात धरणारा कुणी नव्हता. दारात चपला कशा काढतो एवढं बघून मी मुलगा पास की नापास ते सांगायचो. म्हणून आमच्या इथल्या फुटबॉल टीमनं जुना हेड कोच घालवला आणि नवा शोधायला घेतला, तेव्हा म्हटलं, चला, अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच आपल्या जोगतं काम निघालं.

खेळ मला निम्माच कळतो. लांबट चेंडू, डोक्याला हेल्मेट आणि माणसांचा ढीग. पण नात लहानपणापासून त्या टीमची वेडी. आता हॉस्पिटलात मोठी नोकरी करते, तरी टीम हरली की जेवत नाही. तिच्या शेजारी सोफ्यावर बसून बसून मलाही हरायची सवय लागली.

ती म्हणाली, "आजोबा, आधी इंटरव्ह्यू, मग सेकंड इंटरव्ह्यू, मग ऑफर."

"म्हणजे बघायचा कार्यक्रम, मग बैठक, मग सुपारी. हे काय मला शिकवतेस?"

शेवटी दोन स्थळं उरली. एक तरुण पोरगा. मैदानाच्या कडेला उभा राहून बोलताना तोंडापुढे भला मोठा कागद धरायचा. समोरच्यांना ओठ वाचता येऊ नयेत म्हणून, असं नात म्हणाली. तोंड झाकून बोलणारं स्थळ मी जन्मात कधी पुढं नेलं नाही. दुसरा पोक्त, जाड मानेचा, पाय रोवून उभा राहणारा. टीव्हीवर मुलाखतीला बसला तेव्हा आधी समोरच्याच्या पेल्यात पाणी ओतलं, मग स्वतःच्या. मी तिथंच पसंती दिली.

दर शनिवारी डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या मिठाईच्या दुकानात आम्ही म्हातारे चहाला जमतो. तिथं एक नागपूरवाले आहेत, रिटायर्ड इंजिनियर. ते कागदवाल्याच्या बाजूचे.

"पोट्टा हुशार आहे ना बाप्पा! सगळे डाव कागदावर लिहून ठेवतो."

"डाव डोक्यात असावे लागतात. पोक्तच येणार."

"अन् नाही आला तर?"

"तर ही मिशी उतरवीन."

जिलबी तोलणाऱ्याचा हात तसाच वर राहिला. लग्नाच्या आधीपासूनची मिशी माझी, तिला कात्रीपलीकडे काही माहीत नव्हतं.

पुढच्या शनिवारी आम्ही तिथंच बसलो होतो. नात मला सोडायला आलेली, तिनं फोन बघितला आणि म्हणाली, "आजोबा, गुड न्यूज! टीमच्या मालकानं तुमच्या कोचला काल बाहेर नेलं."

"चहाला की जेवायला?"

"डिनर. स्टेक वगैरे."

"पोटभर जेवला?"

"आय गेस सो! का?"

का म्हणे! आमच्याकडे पसंती झाल्याशिवाय पाहुणे चहापोह्यांवरच उठतात. पानावर बसले की सोयरीक पक्की. मी उठलो आणि पेढे घेतले. दुकानात वाटले, बसस्टॉपवर वाटले. पार्किंगची पावती फाडणारी बाई रस्त्यात उभी होती, तिलाही दिला. तिनं पेढा खाल्ला आणि पावतीही फाडली. नागपूरवाल्यांच्या तोंडात तर मी स्वतः दोन कोंबले.

त्यांचे पेढे चघळून व्हायच्या आत नात ओरडली, "ओ नो! दुसऱ्या कोचला हायर केलं!"

"असं कसं? आपला जेवला ना?"

"आजोबा, डिनर इज जस्ट डिनर!"

"जेवू घालून नकार? ही काय माणसांची रीत झाली?"

नागपूरवाले हसून हसून ठसकले. पाणी प्यायले, डोळे पुसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ द्या ना राव. गंमत होती ती. मिशी राहू द्या."

झालं! ते उपकार करायला गेले आणि मी पेटलो. "शब्द दिलाय. चला न्हाव्याकडे!"

सगळे निघाले. बर्फातून म्हाताऱ्यांची वरात, पुढं मी नवरदेवासारखा, मागं फोन धरून शूटिंग करणारी नात. न्हाव्यानं तीनदा विचारलं, "पूरी?" म्हटलं, "पूरी!" वस्तरा फिरला. बाहेर पडलो तर वरच्या ओठाला असा वारा झोंबला, की भर रस्त्यात कुणी धोतर फेडल्यासारखं वाटलं. आणि काय सांगू, मलाच हसू फुटलं. नागपूरवाल्यांच्या गळ्यात हात टाकून मी फुटपाथवर हसत सुटलो.

घरी बायको कणीक मळत होती. दार वाजलं म्हणून तिनं वळून पाहिलं. पीठभरल्या हातानं झटकन स्वेटरवरून पदर ओढला, डोक्यावर घेतला आणि खाली मान घालून उभी राहिली.

"अगं, काय झालं?"

तिनं हळूच वर बघितलं. "अगं बाई, तुम्ही होय! मला वाटलं, सासूबाई आल्या!"

मी आरशात पाहिलं. खरंच की! मिशीखाली एवढी वर्षं माझी आई दडून बसली होती. तेच बारीक ओठ, तीच नापसंतीची घडी.

बायको जमिनीवर बसून हसायला लागली. नात भिंतीला टेकली. मी पण कशाला सोडतोय? कमरेवर हात ठेवला, आईसारखा आवाज काढला, "हसतेस काय गं? चहा टाक!"

आणि ती पदर सावरत उठलीच की!