सहा शेंगा आणि वर एक

आमच्या गावाचा इतिहास चर्चच्या भिंतीवरच्या एका पाटीत मावतो. दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांची नावं त्या पाटीवर आहेत आणि आडनावं मिळून चारच. त्याच चार आडनावांची माणसं आजही पबमध्ये ठरलेल्या खुर्च्यांवर बसतात. नवऱ्याला केंब्रिजच्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून आम्ही इथे आलो, त्याला अकरा वर्षं झाली, तरी आम्ही 'नवीन लोक'. आधी याचा मला राग यायचा. मग कळलं, की आमच्या आधी वीस वर्षं आलेलं मँचेस्टरचं जोडपंही नवीनच आहे.

या गावाची स्वतःची एक शेंग आहे. रनर बीन, म्हणजे आपल्या घेवड्याची लांब, खरखरीत बहीण. हिचं बी दुकानात मिळत नाही. ते शेजारच्या आजोबांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे, आणि दर उन्हाळ्यात गावच्या भाजी-फुलांच्या प्रदर्शनात त्यांच्या सहा शेंगा मांडल्या जातात. आजोबांना मूलबाळ नाही. बी पुढे कुणाकडे जावं याबद्दल अख्ख्या गावाला मत होतं. आजोबा मात्र ताकास तूर लागू देत नव्हते.

गेल्या वर्षी त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांना वाकता येईना. कुंपणापलीकडून ते मला म्हणाले, "पाणी घालाल का? आणि या वेळी शोला शेंगा तुम्हीच न्या."

मी पाणी घातलं, पानांवरचा मावा धुऊन काढला, गोगलगायींशी रोज भांडले. नुसता शेजारधर्म नव्हता तो. मला ते बी हवं होतं. या गावातलं काहीतरी आपल्या हाती यावं असं फार वाटत होतं.

प्रदर्शन गावच्या हॉलमध्ये भरतं. तिथे पूर्वी शाळा होती, त्यामुळे कोट अडकवायच्या खुंट्या अजून कमरेइतक्याच उंचीवर आहेत. मी टेबलावर शेंगा मांडल्या. सहा सारख्या, सरळ, एकाच लांबीच्या. आणि माझं घोडं तिथेच पेंड खायला लागलं. मोजून सहाच ठेवणं माझ्या अगदी जिवावर आलं. आमच्या घरी कुणाला काही द्यायचं तर वर एक घालून द्यायचं, नाहीतर हात आखडल्यासारखा दिसतो. मी सातवी शेंग ठेवली, तीही सर्वांत देखणी, आणि समाधानाने केक बघायला गेले.

दुपारी हॉल उघडला तेव्हा ताटलीवर कार्ड होतं: 'नियमाप्रमाणे नाही'. बक्षीस राहिलं बाजूला, आमच्या शेंगा स्पर्धेतूनच बाद.

"आई, सेव्हन का ठेवलीस?" मुलगी म्हणाली. "शेड्यूलमध्ये क्लिअरली सिक्स लिहिला होता."

"वाचलं होतं गं ते नियमांचं पुस्तक."

"मग?"

मग काय, कप्पाळ. पबमधली चारही आडनावं ताटलीभोवती उभी राहून अत्यंत सभ्यपणे कार्ड वाचत होती. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांचं काम मी एका शेंगेने घालवलं होतं, आणि बीही गेलंच असं मी धरून चालले.

संध्याकाळी मुलीला घेऊन आजोबांकडे गेले. बातमी अर्थातच आधी पोचली होती. ते खुर्चीत पाय लांब करून बसले होते.

"सात का?" त्यांनी विचारलं.

"मोजून दिलं तर मनापासून दिल्यासारखं वाटत नाही," मी म्हणाले. "चुकलं माझं."

त्यांनी खिडकीबाहेर वेलाकडे पाहिलं. मग खांदे हलायला लागले. माणूस हसत होता, खुब्यावर हात दाबून.

"पुढच्या वर्षी सहा," ते म्हणाले.

पुढच्या वर्षी, हे डोक्यात शिरायला मला एक क्षण लागला. शिरलं तेव्हा डोळे भरून आले, आणि मी ते पुसलेही नाहीत.

"आणि सर्वांत खालच्या शेंगा आता तोडू नका," ते सांगू लागले. "बी त्यांचंच धरायचं. वेलावरच वाळू द्या, आत खुळखुळ वाजेपर्यंत. चला, कुठल्या ते दाखवतो. मुलीलाही घ्या बरोबर, तिला माहीत असलेलं बरं."