हाताची घडी

मला एका जागी बसवत नाही. माझ्या पायाला भिंगरी आहे असं सासूबाई म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्या वर्षी चैत्रात मात्र मी बालमंदिराच्या व्हरांड्यातल्या बाकावर रोज तीन-तीन तास बसले, आणि सहा दिवसांत त्या बाकाची कड नखांनी उकरून काढली.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आम्ही जळगावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. हे एका जिनिंग फॅक्टरीत कारकून होते. मी रावेरकडची, सातवी पास झालेली. जूनपासून मला नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळणार होती. तसा कागद हातात आला होता आणि तो मी दिवसातून चारदा उघडून वाचत होते. प्रश्न एकच होता, साडेतीन वर्षांच्या मुलीचं काय करायचं.

धुळ्याहून सासूबाईंचं कार्ड आलं. पोरीला इकडे पाठवा, आम्ही सांभाळू, तुम्ही निवांत नोकरी करा. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण धुळ्याला गेलेली मुलगी म्हणजे सणावाराला भेटणारी मुलगी, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ह्यांना ते पटत होतं. म्हणाले, "दोन-अडीच वर्षांचा तर प्रश्न आहे. मग शाळेत जाईलच." दोन-अडीच वर्षं असं म्हणताना त्यांच्या तोंडची सुपारीसुद्धा थांबली नाही. मी पुढचे तीन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

मग मी गाव पालथं घातलं. वकील-डॉक्टरांची मुलं जात ती शाळा पाहिली. तिथली फी ऐकली आणि पाणी पिऊन परत आले. एका गुरुजींच्या ओट्यावर पंचवीस मुलं बसत, ती जागा फुकटात पडली असती. पण गुरुजींची छडी मी बाहेरूनच ऐकली. शेवटी कुणीतरी बालमंदिराचं सांगितलं. धर्मशाळेच्या मागच्या दालनात दोन खादीधारी बायका ते चालवत. फी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. मुलं तीस, त्याहून एकही जास्त नाही. वेळ सकाळी सात ते दहा; दहानंतरचं मग बघू, असं मी ठरवलं.

मोठ्या बाई म्हणाल्या, "जूनसाठी एकच जागा उरली आहे. सुट्टीआधी आठ दिवस मुलीला आणा. रमली तर जागा तिची. नाही रमली तर यादीतल्या पुढच्या मुलाला देऊ. तुम्ही बाहेर बसायचं. आत यायचं नाही, खिडकीतून खुणा करायच्या नाहीत."

आठ दिवस म्हणजे परीक्षाच, असं मी धरलं. परीक्षेची तयारी करून घ्यायला मला कुणी शिकवायला नको होतं. माझ्या लहानपणी शाळा म्हणजे हाताची घडी. घडी मोडली की बोटांवर पट्टी बसे. ज्या मुलीची घडी शेवटपर्यंत टिके ती शहाणी. मी शहाणी होते.

आमच्या मुलीला तर घडी घालायला मी महिन्यापूर्वीच शिकवलं होतं, आणि त्याचं कारण सांगायला मला आजही बरं वाटत नाही. आमच्या घरमालकीण अक्कांनी अंगणात बाजेवर बिबडे घातले होते. ज्वारीचं पीठ शिजवून थापलेले, थाळीएवढे पापड. अजून ओले होते. मुलगी तिथे गेली आणि एकेका बिबड्यात पाची बोटं रुतवत ओळीनं पुढे सरकली. पोरीनं सगळे बिबडे नासले म्हणून अक्कांनी आपल्या अहिराणीत आळीभर ऐकवलं.

"तुनी पोरनी बठ्ठा बिबडा खराब कयात. घर भाड्यानं दिधं शे, आंगन नही."

मला अपमान झोंबला, आणि तो मी मुलीच्या हातांवर काढला. चांगला काढला. मग तिचे हात दोन्ही काखांत खुपसून सांगितलं, "परक्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. कुठे गेलं की हात असे ठेवायचे." ती लगेच शिकली. कुणाकडे गेलो की आपणहून हात काखेत. शेजारणी म्हणत, काय वळण आहे. मी फुशारून जाई.

बालमंदिराच्या पहिल्या दिवशी दाराशी तिला आठवण केली, "हात?" तिनं हात काखेत घातले. मी निर्धास्त बाकावर बसले.

आतून कसले कसले आवाज येत. लाकडी ठोकळे पडल्याचे, छोट्या लोट्यांतून पाणी ओतल्याचे, मध्येच कुणी हसल्याचे. मी उठायची, दारापर्यंत जायची, परत बसायची. दहा वाजता मुलगी बाहेर आली, फ्रॉकला एक सुरकुती नाही. दुसरा दिवस तसाच. तिसऱ्या दिवशी धाकट्या बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तुमची मुलगी कशाला हातच लावत नाही हो."

मी हसून म्हटलं, "नाहीच लावणार. तसं वळणच आहे तिला."

त्या तशाच आत गेल्या. मला वाटलं, जागा मिळाल्यात जमा आहे. घरी येऊन मी ह्यांना ऐकवलंसुद्धा, की धुळ्याला कार्ड टाका, पोरगी इथेच राहणार. ह्यांनी कार्ड टाकलं नाही. बरं झालं.

पाचव्या दिवशी मोठ्या बाईंनी मला आत बोलावलं. दालनात मुलं जमिनीवर पसरली होती. एकजण डाळ आणि तांदूळ वेगळे करत होता, दोन मुली हातभर केरसुणीनं झाडत होत्या, एक लोटीतलं पाणी पेल्यात ओतत होता आणि निम्मं सांडत होता. त्याला कुणी रागावत नव्हतं. माझी मुलगी भिंतीला टेकून बसली होती, हात काखेत. तिच्यासमोर ठोकळे मांडून ठेवले होते. ती त्यांच्याकडे बघत होती. भुकेलं मूल दुसऱ्याच्या ताटाकडे बघतं तसं.

बाई हळूच म्हणाल्या, "पाच दिवस अशीच बसली आहे. हातांना काही लागलंय का, असं आधी वाटलं. आमच्याकडे मुलं हातांनी शिकतात. हिनं हात काढलेच नाहीत, तर मी तिला काय देऊ? अजून तीन दिवस आहेत."

मी तिच्यापाशी बसले. म्हटलं, "घे ना ठोकळा. चालतं इथे."

ती माझ्या तोंडाकडे बघत, अक्कांच्याच बोलीत म्हणाली, "परक्याचं शे."

मला माझी लाज वाटली. नुसती लाज नाही, भीती वाटली. जे मी एका सकाळी घातलं होतं ते काढता येत नव्हतं. सहाव्या दिवशी मी तिला गोळीचं आमिष दाखवलं. सातव्या दिवशी दारातच ओरडले, "हात काढ म्हणते ना," आणि ती हात आणखी घट्ट दाबून रडायला लागली. त्या सकाळी मी बाकावर बसलेच नाही. धर्मशाळेच्या अंगणात फेऱ्या मारत राहिले. धुळ्याची गाडी कितीला सुटते ते मला पाठ होतं आणि तेच सारखं डोक्यात येत होतं.

दहा वाजता मोठ्या बाईंनी विचारलं, "तिला घरी काय करायला आवडतं?"

मला पटकन सांगता येईना. आई असून सांगता येईना. मग खाली बघून मी बिबड्यांची गोष्ट सांगितली, मारलं त्यासकट. बाई माझ्यावर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग उद्या इथेच घाला बिबडे. आत यायला तुम्हाला परवानगी आहे."

ज्वारी भिजवायला आता वेळ नव्हता. भिजवून वाळवून दळलेलं पीठ अक्कांकडेच मिळालं असतं. मी जिना उतरले, मान खाली घालून मागितलं. अक्कांनी कशाला म्हणून विचारलं नाही. मोठं पातेलंभर मापून दिलं.

आठव्या दिवशी सकाळी सातला मी बालमंदिराच्या अंगणात चुलीवर पीठ शिजवलं, सतरंजीवर ओलं धोतर पसरलं आणि बिबडे थापायला बसले. सारी मुलं भोवती. धाकट्या बाईंनी मुलांना गरम पीठ वाटीत घालून, वर तेल सोडून खायला दिलं. माझी मुलगी लांब उभी होती, हात काखेत.

मी दहा-बारा बिबडे थापले. मग तिच्याकडे बघितलं आणि माझी स्वतःची पाची बोटं पहिल्या बिबड्यात रुतवली. दुसऱ्यात रुतवली. तिसऱ्यात. माझी आई हे बघती तर तिनं मला वेडी म्हटलं असतं. मुलगी दोन पावलं पुढे आली. बिबड्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती, राग येतोय का ते. चौथा बिबडा मी तसाच सोडला.

बराच वेळ गेला. मग तिनं उजवा हात काढला. एक बोट टेकवलं, लगेच मागे घेतलं. पुन्हा माझ्याकडे बघितलं. मग पाची बोटं.

बाईंनी वहीत नाव लिहिलं. संध्याकाळी वाळलेले बिबडे घरी आणले तेव्हा अक्का ओट्यावरच होत्या. भोकं बघून म्हणाल्या, "हाई काय शे?" मुलीचे हात झटकन काखेत गेले. मी म्हटलं, "अक्का, मीच सांगितलं तिला." अक्कांनी एक बिबडा उचलला, उजेडात धरला, आणि पदराखाली घेऊन आत गेल्या. मुलीचे हात काढायला मात्र मला ओट्यावर बसावं लागलं. एकेक बोट सोडवावं लागलं.

जूनमध्ये ती सकाळी बालमंदिरात गेली. दारातून आत शिरताना तिनं मागे वळून पाहिलं नाही. मी दिवसभर माझ्या शाळेत, आणि दहानंतर तिला खाली सांभाळायला अक्का, हे अक्कांनीच आपणहून ठरवलं होतं.

त्याच दिवशी अकरा वाजता मी पहिल्यांदा माझ्या वर्गात पाऊल टाकलं. मी काही बोलायच्या आतच चाळीस मुलींनी हाताची घडी घातली आणि माझ्या तोंडाकडे बघत बसल्या.